आतड्यातले जिवाणू आणि आपली मूत्रपिंडे
(आंबोली येथील युवा शिबिरात केलेले भाषण)



हमीद दलवाई ३ मे १९७७ रोजी गेले, अवघ्या ४४ व्या वर्षी, मूत्रपिंडाच्या आजाराने. त्यांच्या विचारांवर आपण नेहमी बोलतो. आज मला त्या आजाराबद्दल बोलायचे आहे. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण माझ्या मामूंचे आठवड्यातून तीनदा डायलिसिस होते. मामेभावाने विचारले, "व्हॉट्सॲपवर प्रोबायोटिकच्या गोळ्या आल्यात, सुरू करू का?" तेव्हापासून वाचू लागलो.

आपण मटण, अंडी, डाळ खातो. त्यातली काही प्रथिने न पचता मोठ्या आतड्यात पोचतात. तिथले जिवाणू त्यांपासून इंडोल आणि पी-क्रेसॉल बनवतात. यकृत त्यांची सल्फेटे करते, मूत्रपिंडे ती लघवीवाटे बाहेर टाकतात. मूत्रपिंडे अधू झाली की ती रक्तात साचतात. रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटून राहत असल्याने डायलिसिसनेही ती नीट निघत नाहीत. उंदरांवरच्या प्रयोगांत त्यांनी मूत्रपिंडाला आणखी इजा केल्याचे दिसले आहे.

पण तार उलट दिशेनेही जोडलेली आहे. रक्तातला युरिया वाढला की तो आतड्यात उतरतो, जिवाणू त्याचा अमोनिया करतात, आतड्याचे अस्तर कमकुवत होते आणि तिथली वस्तीच बदलते. आमच्या धंद्यात याला फीडबॅक लूप म्हणतात. म्हणून रुग्णांच्या आतड्यात वेगळे जिवाणू सापडले, एवढ्यावरून आजार त्यांनीच केला असे ठरत नाही. बातम्यांचे मथळे नेमके हेच गाळतात. गोळ्यांनी डायलिसिस टळते याला भक्कम पुरावा नाही. मामेभावाला तसे सांगितले. त्याला ते आवडले नाही.

नाचणीची भाकरी, कुळीथ, चवळी, पालेभाजी यांतल्या तंतूंवर जिवाणू जगले की ब्युटिरेटसारखी आम्ले तयार होतात, ती अस्तराला पोसतात. आपल्या दावतीत बिर्याणीसोबत भाजी म्हणजे कांद्याच्या चार चकत्या, हे तुम्हाला सांगायला नकोच! मात्र ज्यांची मूत्रपिंडे आधीच बिघडली आहेत त्यांनी डाळी, फळे, शहाळे डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. त्यांना पोटॅशियम जिवावर बेतू शकते.

आणि जिवाणूंच्या नादात मधुमेह व रक्तदाब विसरू नका, मोठी कारणे तीच. घरात कोणाला यांपैकी काही असेल, तर वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि लघवीतले अल्ब्युमिन तपासून घ्या. मामूंची ही तपासणी पहिल्यांदा झाली, तेव्हा त्यांच्या पायांना सूज आली होती.