सरकारी गिरणीचा कामगार

चेकोस्लोव्हाकियात 1948 साली कम्युनिस्ट राजवट आली आणि कोणी कोठे राबावे हे ठरविण्याची सत्ता बव्हंशी सरकारच्या हाती गेली. एमिल झाटोपेक हा सोळाव्या वर्षी झ्लिन येथे बाटाच्या जोड्यांच्या कारखान्यात लागला, पुढे सैन्यात गेला आणि 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याने धावण्याची तीन सुवर्णपदके मिळविली. 1968 साली त्याने सुधारणावाद्यांची बाजू घेतली. तेव्हा सैन्यातून त्याचे नाव गेले, आणि भूगर्भशोधासाठी जमिनीत छिद्रे पाडणाऱ्या मजुरांत त्याला राबावे लागले. सरकार माणसाचा धंदा हिरावून घेई. रिकामे मात्र बसू देत नसे, कारण तेथे काम न करणे हाच गुन्हा होता.

सरकार मालक झाल्याने कामगाराचे काय होते, याचे निराळे उत्तर अचलपुरात मिळते. येथील विदर्भ मिल 1974 च्या कायद्याने इतर आजारी गिरण्यांबरोबर सरकारची झाली. अशा गिरण्यांची संख्या 103 होती. मालक बदलला, तरी कामगाराच्या हातचे काम तेच राहिले. भोंगा झाला की पाळीवर जावयाचे, चात्यांच्या रांगेतून फिरावयाचे, तुटलेला धागा दिसताच बोटाच्या एका फिरकीने सांधावयाचा. वऱ्हाडचा उन्हाळा कोरडा. कोरड्या हवेत सूत तुटते, म्हणून खात्यात मुद्दाम दमट हवा ठेवावी लागते. त्या दमटपणात कापसाची धूळ तरंगे. साप्ताहिक सुटीनंतरच्या पहिल्या पाळीस छाती भरून येणे हे या धंद्यातील जुनेच दुखणे. वैद्यकशास्त्राने त्याची नोंद केव्हाच केली आहे. तरीही बदली कामगाराची सारी आस एकच असे: आपले नाव कायमच्या पटावर चढावे. त्या पटावर मुलांच्या शाळेपासून मुलीच्या लग्नापर्यंतचे हिशेब बांधलेले असत.

नव्या शतकाच्या आरंभी तोट्यातील गिरण्या बंद करून स्वेच्छानिवृत्ती देण्याचे धोरण आले. स्वेच्छा हा शब्द सरकारी. चाके थांबल्यावर कामगाराने कोणती इच्छा धरावी? पुढे मुंबईच्या फिनले मिलचे नाव धारण करून नवी गिरणी अचलपुरात उभी राहिली, आणि भोंग्याची सवय असलेल्या घरांतील तरुण तेथे लागले. मार्च 2020 च्या टाळेबंदीत महामंडळाच्या इतर गिरण्यांबरोबर तीही थांबली. टाळेबंदी उठली, पण यंत्रे सुरू झाली नाहीत.

पन्नाशीच्या माणसाला चाती कळते, आणि चातीला गावात दुसरे गिऱ्हाईक नाही. मग पहारेकऱ्याची काठी, भाड्याची ऑटोरिक्षा, नाहीतर परतवाड्याच्या बाजूस संत्र्यांची तोड व निवड. धागा सांधणारी बोटे फळ पारखण्यास लवकर शिकतात. परंतु मृग बहाराची तोड उन्हाळ्याच्या तोंडाशी आटोपते, आणि पुढचे महिने ज्याचे त्याने काढावयाचे असतात.