बोलण्याची वीण

गावचा मुलगा शेतकीच्या कॉलेजात गेला म्हटले की लोकांना समजते. डॉक्टरकीला गेला तेही समजते. पण ‘भाषाविज्ञान शिकायला गेला’ म्हटले की पहिला प्रश्न येतो, कुठली भाषा? आणि ‘कुठलीच नाही, भाषा कशी चालते ते’ असे उत्तर मिळाले की पारावर हशा पिकतो. बोलायला तर सगळेच आईच्या मांडीवर शिकले. त्याला विद्यापीठ कशाला?

त्याचे उत्तर शाळेच्या पहिल्या वर्गात आहे. नागपूरकडचे एक मूल सांगते, “आई पोळ्या करून राह्यली.” पुस्तकात आहे, ‘करत आहे.’ गुरुजी म्हणतात, चूक! आता जरा थांबून पाहू. तेच मूल ‘आई रोज पोळ्या करते’ असेही म्हणते. रोजचे काम वेगळे, या घडीला चाललेले काम वेगळे, हा भेद ते नेमका पाळते आहे. म्हणजे नियम आहे. फक्त तो पुस्तकातला नाही. अशा बोलींची व्याकरणे डॉ. अ. मा. घाटगे यांनी मोठ्या कष्टाने मांडली, त्यांत कुडाळी आहे, महाडची कुणबी आहे. हे ज्ञान शाळेत, कचेरीत, दवाखान्यात वापरायचे, त्याला उपयोजित भाषाविज्ञान म्हणतात. प्रमाण मराठी शिकवायचीच, त्यावाचून पुढचा रस्ता नाही. पण ‘तुझे चुकले’ म्हणून शिकवणे निराळे, आणि ‘घरी असे म्हणतो, पुस्तकात असे लिहितात’ म्हणून शिकवणे निराळे. पहिल्या रीतीने मूल गप्प बसते. गप्प बसलेले मूल लवकरच शाळेत यायचेही बंद होते, हे शिक्षक बंधुभगिनींना मी काय सांगावे!

आता दुसरा भाग. सुटे वाक्य सोडून सबंध बोलणे कसे विणले जाते, याचाही अभ्यास असतो; इंग्रजीत त्याला डिस्कोर्स म्हणतात. इंग्लंडात बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या सिंक्लेअर आणि कूल्टहार्ड या दोघांनी वर्गातले पाठ ध्वनिमुद्रित करून शब्द न् शब्द उतरवून काढले, आणि १९७५ साली त्यावर पुस्तक लिहिले. त्यांना एक ठरलेली चाल दिसली. शिक्षक विचारतो, मूल उत्तर देते, शिक्षक ‘बरोबर’ किंवा ‘नाही’ म्हणतो. पुन्हा प्रश्न. यात काय नवल? नवल असे, की वर्गाबाहेर असे कोणी बोलत नाही. बाजारात आपण विचारले, “कांदा काय भाव?” आणि भाव ऐकून “शाब्बास, बरोबर!” म्हटले, तर बागवान आपल्याकडे पाहतच राहील. बाहेर आपण माहीत नसलेले विचारतो. वर्गात गुरुजी माहीत असलेलेच विचारतात. घरी अशी परीक्षा कधी न दिलेल्या मुलाला हा खेळच कळत नाही, आणि आपण समजतो, त्याला उत्तर येत नाही.

म्हणून एखादा प्रश्न खरा विचारून पाहावा. “तुमच्या विहिरीला यंदा पाणी किती?” हे गुरुजींना ठाऊक नसते, मुलाला असते. मग ते चार वाक्ये बोलते.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाचे एम.ए. करता येते. हैदराबादला १९५८ साली इंग्रजीच्या शिक्षकांसाठी निघालेली संस्था आज विद्यापीठ आहे. आणि ज्यांना नोकरी सोडून जाणे जमत नाही, त्यांनी पालकांना विचारून आपलाच एक तास खिशातल्या फोनवर ध्वनिमुद्रित करावा, रात्री निवांत ऐकावा, आणि मोजावे: आपण किती बोललो, मुले किती बोलली.