शिक्षेची मुदत आणि नोंदीची मुदत



न्यायाधीश शिक्षा सांगतात तेव्हां तिची मुदतही सांगतात. ती संपली, कीं मनुष्य सुटला असें आपण समजतों. परंतु गुन्ह्याची नोंद दप्तरांत राहते. ती किती दिवस राहावी?

आमच्या मुरुमहून सोलापूर फार दूर नाहीं. तेथील सेटलमेंट जुन्या मंडळींस ठाऊक आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानें कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. सोलापुरांत त्यांस तारेच्या कुंपणाआड हजेरी द्यावी लागे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं कायदा रद्द झाला. संशय मात्र रद्द झाला नाहीं. नोंद कायद्याहून दीर्घायुषी असते, हाच त्यांतील धडा.

आजची स्थिति काय? अल्पवयीनांच्या दोषसिद्धीची नोंद कांहीं काळानें नष्ट करावी, असें २०१५ चा बाल न्याय कायदा सांगतो. सोळा वर्षांवरील मुलांच्या अतिगंभीर गुन्ह्यांस अपवाद आहे. १९५८ च्या परिवीक्षा कायद्यानें सद्वर्तनाच्या हमीवर सुटलेल्यास दोषसिद्धीची अपात्रता लागत नाहीं. दोन वर्षांची शिक्षा झालेला मनुष्यही सुटकेनंतर सहा वर्षांनीं निवडणुकीस उभा राहूं शकतो. परंतु सज्ञान माणसाच्या नोंदीला मुदत घालणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाहीं. इंग्लंडांत तो १९७४ सालीं झाला: लहान शिक्षेनंतर ठराविक वर्षें सरळ वागलेल्यास बहुतेक ठिकाणीं ती सांगावी लागत नाहीं.

म्हणजे विधानसभेचें दार सहा वर्षांनीं उघडतें. शाळेंतील शिपायाच्या जागेचें केव्हां उघडेल, तें कोणी सांगत नाहीं!

विसाव्या वर्षीं बाजारांतील भांडणांत दंड झालेला मनुष्य पस्तिसाव्या वर्षीं नोकरीचा अर्ज भरतो. 'पूर्वी शिक्षा झाली आहे काय?' या रकान्याशीं त्याची लेखणी अडते. त्यानें खरेंच लिहावें. अवतार सिंग खटल्यांत २०१६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें माहिती खरी देण्यास सांगितलें. त्याचबरोबर कोवळ्या वयांतील क्षुल्लक गुन्ह्याकडे उदारपणें पाहण्यास वरिष्ठांस मोकळीक दिली. खरें लिहिणें हें अर्जदाराचें कर्तव्य; खरें लिहिणाऱ्यास दारांतून परत न पाठविणें हें आपलें.

घोर अपराधांची नोंद जपावीच. परंतु शिक्षक नव्या वर्षीं नवा हजेरीपट घालतो. जुने शेरे त्यांत उतरवीत नाहीं. लहान अपराधांपुरती एवढी रीत सरकारी दप्तरांनींही उचलावी.