टिकाऊ वस्तूंची पारख

“पूर्वीच्या वस्तू टिकत असत, आतांच्या टिकत नाहींत,” ही तक्रार हल्लीं घरोघरीं ऐकूं येते. तींत तथ्य आहे. परंतु तक्रार करणारें तेंच कुटुंब बाजारांत गेलें म्हणजे प्रथम किंमत विचारतें, नंतर रंग पाहतें, आणि वस्तु किती दिवस चालेल व बिघडल्यास ती नीट कोण करील, हे प्रश्न बहुधा घरींच विसरून येतें. टिकाऊ वस्तूची पारख कशी करावी, हें कळण्यासाठीं दूर जावयास नको. स्वयंपाकघरांतील तीन भांडीं समोर मांडलीं तरी पुरे.

पहिलें भांडें तांब्याचें, कल्हई केलेलें पातेलें. तांब्याच्या उघड्या भांड्यांत आंबट पदार्थ कळकतो. म्हणून त्यास आंतून कथलाचा थर देतात. कल्हईवाला पातेलें भट्टीवर तापवितो, नवसागराची पूड टाकून आंतील धातु स्वच्छ करतो, कथील लावतो आणि कापसाच्या बोळ्यानें तें क्षणार्धांत सर्वत्र पसरवितो. कथील २३२ अंश सेंटिग्रेड उष्णतेस वितळतें. तांबें वितळण्यास सुमारें १,०८५ अंश लागतात. त्यामुळें भांड्यास धक्का न लागतां थर तेवढा नवा होतो. पोचा आला तर तांबट तो ठोकून काढतो. पुण्याच्या कसबा पेठेंतील तांबट आळीचें नांव याच कारागिरांवरून पडलें. अखेरीस भांडें अगदींच निकामी झालें, तरी मोडीच्या भावानें त्याचे पैसे हातीं येतात.

दुसरें भांडें स्टेनलेस स्टीलचें. पोलादांत किमान साडेदहा टक्के क्रोमियम मिसळलें म्हणजे त्याच्या पृष्ठभागावर डोळ्यांस न दिसणारा एक थर बनतो व गंजापासून त्याचें रक्षण करतो. भांडें खरचटलें तरी हवेंतील प्राणवायूच्या योगानें हा थर आपोआप पुन्हां धरतो. कल्हईवाल्याचें काम येथें निसर्गच करतो, असें म्हणावयास हरकत नाहीं.

तिसरें भांडें नॉनस्टिक लेपाचा तवा. धिरडें थोड्या तेलांत सुटून येतें, ही सोय खरी. परंतु उलथन्यानें खरवडून किंवा रिकामा फार तापून लेप एकदां गेला, कीं तो पुन्हां बसविणें गल्लींतील कोणत्याहि कारागिराच्या आवांक्यांतलें नाहीं. मग खालची धातु शाबूत असूनहि सबंध तवा टाकून द्यावा लागतो.

या तिन्ही भांड्यांचा थर झिजतो. झिजणें हा दोष नव्हे. झिजलेला भाग नवा करतां न येणें, हा दोष आहे. हाच नियम खुर्चीच्या वेतास, जोड्याच्या तळव्यास, छत्रीच्या काडीस आणि मोबाईल फोनच्या बॅटरीसहि लागू पडतो.

या दोषाचा भार कारखानदारांवर आहे, हें इतिहासानें दाखविलें आहे. १९२४ सालीं जिनीव्हा येथें प्रमुख दिवे-उत्पादकांनीं ‘फीबस’ नांवाचा संघ स्थापन केला. दीड ते दोन हजार तास जळणाऱ्या विजेच्या दिव्याचें आयुष्य एक हजार तासांवर आणावें, असें त्यानें ठरविलें व अधिक टिकाऊ दिवे काढणाऱ्या सभासदांस दंड ठेवला. अल्पायुषी दिवा त्याच विजेंत अधिक उजेड देतो, हें समर्थन शास्त्रदृष्ट्या अगदींच निराधार नव्हतें. परंतु दोहोंतून निवड करण्याचा अधिकार गिऱ्हाइकास ठेवला नाहीं, हा खरा अन्याय.

तथापि सर्वच दोष कारखानदाराच्या माथीं मारून गिऱ्हाइकानें मोकळें होऊं नये. हिशेबच पाहावा. समजा, लेपाचा तवा ८०० रुपयांचा असून दोन वर्षें चालतो. तीस वर्षांत पंधरा तवे, म्हणजे १२,००० रुपये झाले. समजा, कल्हईचें पातेलें ३,००० रुपयांचें व कल्हईस वर्षाकांठीं २०० रुपये. तीस वर्षांत एकूण ९,००० रुपये, शिवाय मोड शिल्लक. मात्र हे ३,००० रुपये पहिल्याच दिवशीं मोजावे लागतात. ज्याच्या हातीं महिन्याअखेर ८०० रुपयेच उरतात, त्यास महाग पडणारें स्वस्त घेणें भाग पडतें. त्याला उधळा म्हणणें अन्यायाचें होईल. ज्यास ऐपत असूनहि हिशेब सुचत नाहीं, त्याच्यासाठींच हा उपदेश आहे.

जुनें तेवढें टिकाऊ व म्हणून ग्राह्य, असाहि याचा अर्थ नव्हे. तांब्यापितळेचीं भांडीं चिंच व राख लावून घासण्यांत ज्या स्त्रियांचे हात झिजले, त्यांनीं स्टीलचें स्वागत केलें तें योग्यच होतें. तसेंच फार वीज खाणारें जुनें शीतकपाट केवळ चालतें म्हणून राखणें काटकसरीचें ठरेलच असें नाहीं.

कायद्याचीहि मदत येऊं लागली आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें २०२२ सालीं दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठीं समिती नेमली आणि शेतीचीं अवजारें, मोबाईल फोन, गृहोपयोगी टिकाऊ वस्तू व मोटारी हीं क्षेत्रें त्यासाठीं निवडलीं. पण हक्क बजावणारा नसेल तर हक्क कागदावरच राहतो. म्हणून वस्तु घेतांना दुकानदारास तीन गोष्टी अवश्य विचाराव्या: हिचा कोणता भाग आधीं झिजेल? तो सुटा मिळेल काय? आणि तो येथें, याच गांवांत, कोण बसवून देईल?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. दारावरून कल्हईवाल्याची हांक जाते तेव्हां दोन वर्षें कोणीच भांडें बाहेर काढलें नाहीं, तर तिसऱ्या वर्षीं ती हांक ऐकूं येत नाहीं. मग माळ्यावर तांब्याचें पातेलें धडधाकट असून उपयोग काय? वस्तु टिकावी असें ज्यास वाटतें, त्यानें ती दुरुस्त करणारा हातहि टिकविला पाहिजे.