खाडीतली निवटी



ओहोटी लागली की गोराई खाडीच्या चिखलात टुणटुण उड्या मारणाऱ्या निवट्या आपण सगळेच बघतो. मासा असून निवटी पाण्याबाहेर जगते कशी? कल्ल्यांच्या पोकळीत ती पाणी धरून ठेवते आणि ओल्या कातडीतूनही श्वास घेते. चालते पुढच्या परांवर. अंडी चिखलातल्या बिळात. तिथं हवा कमी. म्हणून काही जातींतला नर तोंडात हवा भरून ती बिळात नेऊन सोडतो. केवढी ही माया!

पण खाडीत फेकलेली प्लास्टिकची पिशवी नेमका तोच चिखल झाकते. तिवरांत कचरा टाकायला उच्च न्यायालयाने २००५ सालीच मनाई केली. ती पाळणं आपल्या हातात आहे. आपल्या घरातली एकही पिशवी खाडीत जाणार नाही, एवढं आज ठरवू या.