माँटगोमेरीचे न्यायमूर्ती जॉन्सन



अमेरिकेत न्यायाधीश होण्याच्या मुख्य वाटा दोन. अलाबामासारख्या राज्यात राज्याचा न्यायाधीश लोकांकडे मतं मागून निवडून येतो. फेडरल न्यायाधीशाला मात्र राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मान्यता देते, आणि मग तो तहहयात. आपल्या उच्च न्यायालयासारखी बासष्टची अट तिथे नाही.

फ्रँक जॉन्सन आणि जॉर्ज वॉलेस हे अलाबामा विद्यापीठात कायदा शिकताना एकमेकांचे मित्र. वॉलेस मतांच्या वाटेने न्यायाधीश झाले. जॉन्सन यांना 1955 मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी अलाबामातल्या माँटगोमेरीला फेडरल न्यायाधीश नेमलं, वय 37. पुढच्याच वर्षी तिघांच्या खंडपीठाने दोन विरुद्ध एक मतांनी बसमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. त्या दोघांत जॉन्सन होते. त्यांच्या घरासमोर धमकी म्हणून जळता क्रूस उभा राहिला.

1959 च्या जानेवारीत वॉलेस यांनी मतदार नोंदणीची दफ्तरं केंद्राच्या आयोगाला द्यायला नकार दिला. जॉन्सन यांचा हुकूम निघाला: दफ्तरं द्या, नाहीतर तुरुंगात जा. वॉलेस रात्री गुपचूप मित्राच्या घरी आले. थोडीशी शिक्षा द्या, म्हणाले. मतदारांपुढे हुतात्मा व्हायची हौस! जॉन्सन बधले नाहीत. वॉलेस यांनी आडवाटेने दफ्तरं पोहोचवली, आणि जॉन्सन यांनी सुटकेचा निकाल देताना ती आडवाटही निकालात लिहून ठेवली. मला तर शिक्षेपेक्षा ही सुटकाच जास्त झोंबणारी वाटते.

पण जॉन्सन यांना कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीतला माणूस समजू नका. 1965 च्या मार्चमध्ये या चळवळीचा मतदानाच्या हक्कासाठीचा सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चा त्यांनी आधी थांबवला. पुरावा ऐकला, मगच परवानगी दिली. तीही दुपदरी रस्त्यावर तीनशेच माणसं चालतील या अटीवर. गव्हर्नर तेव्हा वॉलेसच होते. 1967 मध्ये जॉन्सन यांच्या आईच्या घरावर बॉम्बहल्ला झाला. तहहयात नेमणुकीने खुर्ची सांभाळली जाते, घर नाही.

पुढे राज्याच्या मनोरुग्णालयांचा खटला त्यांच्यासमोर आला. तिथली दशा अशी, की आठ रुग्णांमागे निदान एक शौचालय हवं, हेसुद्धा 1972 मध्ये कोर्टालाच हुकुमात घालावं लागलं. जॉन्सन 1999 मध्ये वारले. तो खटला निकाली निघाला 2003 मध्ये.