बिस्किट आणि केस कापायचं मशीन

मागच्या खेपेला मी इथे पेन्शनबद्दल बोललो आणि बऱ्याच जणांना ऐकता ऐकता डुलकी लागली, असं माझ्या कानावर आलं. म्हणून आज एका घोडीबद्दल बोलतो.

इथे ब्रिटनमध्ये आपल्याही बऱ्याच घरांतली मुलं शनिवार-रविवारी रायडिंगला जातात. माझी तेरा वर्षांची लेक जाते. गेल्या वर्षी आम्ही तिच्यासाठी एका घोडीचा ‘शेअर’ घेतला. घोडी दुसऱ्या बाईंची; आपण खर्चाचा वाटा उचलायचा, आठवड्यातून दोन दिवस लीद काढायची, खरारा करायचा आणि मग वर बसायचं. घोडीचं नाव बिस्किट. रंगही तसाच. स्वभावाने गरीब, फक्त केस कापायचं मशीन सुरू झालं की तिच्या अंगात येतं.

आता घोड्याचे केस कापायचे कशाला? हिवाळ्यात त्यांच्या अंगावर दाट लव येते. त्यात काम करून घाम आला तर ती तासन्‌तास ओली राहते आणि जनावराला हुडहुडी भरते. म्हणून साधारण ऑक्टोबरपासून कामाच्या घोड्यांची लव कापतात आणि वर झूल घालतात. बिस्किटची फक्त मानेची पुढची बाजू आणि छाती कापायची होती. जाणत्या माणसाला अर्ध्या तासाचं काम.

मी आयटीतला माणूस, वर एमबीए. शनिवारी सकाळी दहाची वेळ ठरवली. मी दोर धरला, लेक खांद्यापाशी उभी राहिली आणि तबेल्यातल्या एका अनुभवी माणसाने मशीन सुरू करून सरळ मानेला लावलं. बिस्किटने मान वर फेकली आणि मागे उसळली. दोर माझ्या तळव्यातून सरसरत गेला, कातडी सोलली. लेक भिंतीवर आपटली. डोक्याला हेल्मेट होतं म्हणून खांद्यावरच्या काळ्यानिळ्या डागावर भागलं. तो माणूस म्हणाला, ‘घट्ट धरून ठेवा, दमली की गप्प होईल.’ आम्ही नको म्हटलं. संध्याकाळी मालकीणबाईंचा निरोप आला. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत जमलं तर बघा, नाहीतर शेअरचा पुन्हा विचार करावा लागेल. त्या रात्री लेक जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी फोनवर आईला सांगितलं. ती मिरजेची, लहानपणी टांग्यातून शाळेत गेलेली. म्हणाली, ‘अरे, ती बुजलीय. बुजलेल्या जनावराशी झोंबायचं नसतं.’ टांग्याच्या घोड्याला झापडं लावतात ती त्याचसाठी, की बाजूचं दिसू नये. पण इथे झापडांचा उपयोग नव्हता, कारण भीती आवाजाची आणि थरथरीची होती. माणसाला साधारण 20 किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, घोड्याला 33च्या आसपास. आपल्याला नुसती घरघर वाटते, तिला त्यापलीकडचंही काही ऐकू येत असेल. शिवाय अंगावर माशी बसली तरी घोड्याची कातडी तेवढ्या जागी थरथरते, इतकी ती हळवी.

मग तबेल्यातल्या वयस्कर शिक्षिकाबाईंनी आम्हाला हाताशी धरलं. त्यांनी पहिलं काम सांगितलं ते मशीन घरी ठेवून येण्याचं. त्याऐवजी बॅटरीवर चालणारा दात घासायचा ब्रश आणा, म्हणाल्या. मला चेष्टा वाटली. पण थरथर तीच, फक्त लहान. पहिल्या दिवशी ब्रश चार-पाच पावलांवर सुरू केला आणि मी तो घेऊन तिच्यापासून दूर चालत गेलो. लेक तिला घेऊन मागून आली. जी वस्तू पळ काढते तिची घोड्याला भीती कमी वाटते. पाच मिनिटांत बिस्किट मान लांबवून ब्रशाकडे बघायला लागली.

खरी गोम पुढे आहे. ब्रश, पाण्याचा फवारा, नवं खोगीर, पावसाळी झूल, वस्तू कुठलीही असो, ती मागे कधी घ्यायची यावर सगळं ठरतं. घोडी उसळल्यावर मागे घेतली तर ती शिकते की उसळलं की सुटका होते. उसळत असताना रेटत राहिलो तर कधीतरी ती गप्प होते, पण ते गप्प होणं म्हणजे हार मानणं. डोळे थिजलेले, नाकपुड्या ताणलेल्या, तोंड घट्ट मिटलेलं. पुढच्या वेळी भीती तिथेच असते. मग करायचं काय? उसळण्यापर्यंत जायचंच नाही. ती शांत उभी असतानाच, तिने मागण्याआधी, ब्रश बंद करून मागे व्हायचं. शांत म्हणजे मान खाली, कान सैल, डोळ्यांची उघडझाप, सावकाश श्वास. मग गाजराचा तुकडा. मग पुन्हा, किंचित जवळ.

हे मला फार जड गेलं. शांत उभी आहे, तर अजून थोडं पुढे जाऊ या, असं सारखं वाटायचं. आठव्या दिवशी मी तेच केलं. ब्रश खांद्याला लागला, ती उभी राहिली, आणि मी उत्साहाने थेट कानापाशी नेला. पुन्हा फरफट. लेक शांतपणे म्हणाली, ‘बाबा, थांबायचं होतं ना.’ दोन दिवस आम्ही परत पाच पावलांवर. ऑफिसात मी ‘चेंज मॅनेजमेंट’ची सत्रं घेतो, हे इथेच राहू द्या.

त्यानंतर ब्रश लेकीकडे दिला. रोज दहा मिनिटं, जास्त नाही. आधी बंद ब्रश अंगावर, मग आपला हात तिच्या अंगावर आणि चालू ब्रश हाताच्या पाठीवर, म्हणजे थरथर हातातून झिरपून पोचते. मग छोटं, कमी आवाजाचं ट्रिमर. शेवटी मोठं मशीन, तेही आधी दूर, नुसतं चालू. पात्यांना तेल घालायचं आणि दर थोड्या वेळाने ती आपल्या मनगटाला लावून बघायची. तापलेलं पातं एकदा लागलं की सगळं मुसळ केरात. आमचा अंदाज असा, की आधी कधीतरी बिस्किटला नेमकं तेच झालं असावं.

मुलांबरोबर कुणी हे करणार असाल तर दोन-चार गोष्टी. हेल्मेट आणि पक्के बूट. उभं राहायचं खांद्याच्या बाजूला. अगदी कपाळासमोर आणि शेपटीमागे तिला दिसत नाही. दोर हाताभोवती गुंडाळायचा नाही, घोडीला पक्कं बांधून ठेवायचं नाही. बरोबर जाणतं माणूस हवंच. आणि केस कापणं अडलंच असेल, तर पशुवैद्याला विचारून गुंगीचं औषध देता येतं. त्यात कमीपणा काही नाही. भीती घालवायचं काम मग सावकाश होऊ शकतं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी शिक्षिकाबाईंनी मशीन हातात घेतलं. लेक मानेपाशी, दोर सैल. मला दाराबाहेर उभं केलं होतं, आणि ते बरोबरच होतं. छाती झाली, मानेची डावी बाजू झाली. उजव्या बाजूला बिस्किटने कान मागे टाकले, तशी बाईंनी लगेच मशीन बंद केलं आणि म्हणाल्या, ‘आज एवढंच.’

आठवडाभर आमची घोडी अर्धी कापलेली, अर्धी केसाळ अशी हिंडत होती. लोक हसले. मालकीणबाई येऊन बघून गेल्या, काही बोलल्या नाहीत, पण जानेवारीपासूनचा शेअर पुढे चालू ठेवला. उजवी बाजू पुढच्या रविवारी झाली.